मोकळी फिरणारी विंच ताणाखाली का थांबते: सोलेनॉइड वारंवार जळण्याचे मूळ आणि सुरक्षित वायरिंग

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात पुढच्या बंपरमध्ये इलेक्ट्रिक विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवलेल्या थार, जिप्सी, बोलेरो आणि जुन्या जीपगाड्या आता बऱ्याच दिसतात, आणि त्यांच्या मालकांची तक्रार जवळपास ठरलेली असते. गाडी अंगणात उभी असताना रिमोटचे बटण दाबले की ड्रम झकास फिरतो, दोर आत-बाहेर होतो. पण जांबोटीच्या पुढे लाल चिखलात किंवा सौंदत्तीकडच्या काळ्या रानात गाडी रुतून खरा ताण आला की विंच क्षणभर गुरगुरते, कंट्रोल बॉक्समधून टक-टक-टक असा आवाज येतो आणि काम थांबते. गॅरेजमध्ये नेल्यावर निदानही ठरलेले असते: “सोलेनॉइड गेलाय बघा, नवा घाला.” नवा घातला जातो, अंगणात पुन्हा सगळे सुरळीत चालते, आणि पुढच्या पावसाळ्यात तोही जातो.

सोलेनॉइड किंवा कॉन्टॅक्टर, म्हणजे बटण दाबल्यावर मोटरचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच, खरोखरच जळालेला असतो, त्यामुळे मेकॅनिक खोटे बोलत नसतो. परंतु तो जळण्याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या आत नसून बॅटरीपासून त्याच्यापर्यंतच्या आणि मोटरपासून बॅटरीपर्यंत परत येणाऱ्या वाटेत असते, आणि ती वाट ताणाखाली मोजून पाहिल्याखेरीज सापडत नाही. म्हणून हा लेख सुटे भाग कोणते घ्यावेत याविषयी कमी आणि मोजणी कशी करावी याविषयी अधिक आहे.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. ९५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४३०० किलो ओढण्याची क्षमता सांगणारी १२ व्होल्टची विंच मोकळी फिरताना साधारण ६० ते ८० अँपिअर घेते; पूर्ण ताणाखाली तीच विंच ४०० अँपिअर किंवा त्याहून अधिक घेते. गाडीतला हॉर्न, हेडलाइट, पंखा, वायपर सगळे एकदम चालू केले तरी या आकड्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. वाटेत कुठेतरी एक मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा हजारावा भाग, इतका जादा अवरोध असला तर मोकळ्या विंचला तो ७० मिलिव्होल्टचा फरक पाडतो, जो कुणाला जाणवणारही नाही. ताणाखाली तोच अवरोध ०.४ व्होल्ट खातो आणि त्या एका सांध्यावर १६० वॉट उष्णता निर्माण करतो. तीन-चार सोल्डरिंग आयर्न त्या सांध्याच्या लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) एकदम टेकवून धरल्यासारखेच हे आहे. असे तीन-चार सांधे एकामागे एक असले की अंगणातली चाचणी आणि चिखलातला अनुभव यांत इतकी तफावत का पडते ते वेगळे सांगायला नको.

आता टक-टक आवाजाकडे वळू. कॉन्टॅक्टरमधली कॉइल ज्या व्होल्टेजवर पकड धरते ते व्होल्टेज बहुतेक विंचमध्ये कंट्रोल बॉक्सच्या मुख्य धन स्टडवरूनच (केबल जिथे नटने आवळतात त्या आटेदार खुंटीवरूनच) घेतलेले असते. ताण आला की बॅटरीचे व्होल्टेज उतरते, त्यात केबल आणि सांधे आपापला वाटा खातात, आणि स्टडवर उरलेले व्होल्टेज इतके कमी होते की कॉइलची पकड सुटते. पकड सुटली की मोटरचा करंट तुटतो, ताण नाहीसा होतो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि कॉइल पुन्हा चिकटते. हे सेकंदाला अनेकदा घडते, आणि दरवेळी शेकडो अँपिअर तोडताना व जोडताना तांब्याच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. संपर्कबिंदू खडबडीत होतात, त्यांचा अवरोध वाढतो, ते अधिक तापतात, आणि शेवटी दोनपैकी एक गोष्ट होते: एक तर ते जोडलेच जात नाहीत, किंवा एकमेकांना वितळून चिकटतात आणि बटण सोडले तरी विंच थांबत नाही. पहिल्या प्रकाराने दिवस वाया जातो. दुसरा प्रकार माणसाला इजा करू शकतो. त्याकडे पुढे येऊ.

इथे एक प्रचलित समज बाजूला ठेवायला हवा. व्होल्टेज कमी झाले की विंच जास्त करंट ओढते आणि म्हणून जळते, असे सर्रास सांगितले जाते. विंचची नेहमीची मोटर सिरीज वाइंडिंगची असते आणि तिचा करंट प्रामुख्याने ओढीवर ठरतो. व्होल्टेज कमी झाल्याने तिचा वेग मंदावतो, त्यामुळे तीच गाडी तेवढेच अंतर बाहेर काढायला ती दुप्पट वेळ घेते, आणि तो सगळा वेळ तोच मोठा करंट वाइंडिंगमधून, ब्रशमधून आणि सांध्यांमधून वाहत राहतो. या मोटरला थंड करणारा पंखा नसतो. म्हणजे जळण्याचे कारण वाढलेला वेळ आणि कॉन्टॅक्टरची थरथर हे आहे, आणि दोन्हींवरचा उपाय वाटेतली व्होल्टेजची गळती थांबवणे हाच आहे.

गळती कशी मोजावी

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: साधा डिजिटल मल्टिमीटर, तीन-चार मीटर बारीक दुपदरी वायर, दोन छोटे एक-दोन अँपिअरचे फ्यूज आणि मगरचिमटे. क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तम, पण तो डीसी मोजणारा हवा; घरगुती वायरमनकडे असतो तो बहुधा फक्त एसी मोजतो आणि विंचच्या केबलवर शून्य दाखवून दिशाभूल करतो.

मोजणी ताणाखाली करायची असल्याने जागा नीट निवडावी. स्वतःच्या शेतातला किंवा ओळखीच्या माळावरचा हलका चढ पुरेसा आहे. भीमगड अभयारण्यात किंवा राखीव जंगलाच्या वाटेवर हा प्रयोग करायला जाऊ नये. तिथे गाडी घालणे हाच गुन्हा ठरू शकतो आणि झाडाला दोर लावणे तर नक्कीच कुणाला आवडणार नाही. आंब्याच्या किंवा फणसाच्या जाड बुंध्याला रुंद पट्टा बांधावा, दोर थेट झाडाला गुंडाळू नये. ड्रमवर स्टीलच्या दोराचे किमान पाच आणि सिंथेटिक दोराचे किमान आठ-दहा वेढे शिल्लक ठेवावेत. दोरावर मधोमध जाड गोणपाट किंवा डॅम्पर टाकावा आणि दोराच्या रेषेत किंवा जवळपास कुणालाही उभे राहू देऊ नये. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि चालकाच्या जागेवर बसलेला माणूस पायाच्या ब्रेकने हळूहळू विरोध वाढवतो, अशी रचना ठेवली की हवा तितका ताण निर्माण करता येतो. मीटर हातात घेऊन बंपरसमोर वाकून बसण्याऐवजी बारीक वायर खिडकीतून आत घेऊन मीटर केबिनमध्येच ठेवावा. त्या वायरच्या बॅटरीकडच्या टोकांना छोटे फ्यूज घालावेत, म्हणजे चिमटा घसरून बॉडीला लागला तर वायर पेटणार नाही.

पहिली मोजणी बॅटरीची. ज्या शिशाच्या खुंट्यावर क्लॅम्प बसतो, त्या खुंट्यावरच मीटरची टोके टेकवावीत, क्लॅम्पवर नव्हे. इंजिन बंद करून गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे आणि १२ व्होल्टला ती जवळपास रिकामी समजावी. बॅटरीच अर्धी असेल तर पुढच्या कोणत्याही मोजणीला अर्थ नाही, आधी ती भरून घ्यावी किंवा जुनी झाली असल्यास बदलावी.

दुसरी मोजणी धन बाजूची. लाल टोक बॅटरीच्या धन खुंट्यावर आणि काळे टोक कंट्रोल बॉक्सवरच्या मुख्य धन स्टडवर. विंच बंद असताना मीटर शून्याच्या आसपास असतो. ताण आल्यावर जो आकडा दिसतो तो सगळा वाटेत हरवलेला आहे. तिसरी मोजणी ऋण बाजूची: काळे टोक बॅटरीच्या ऋण खुंट्यावर, लाल टोक मोटरच्या ऋण स्टडवर. चौथी कॉन्टॅक्टरच्या आरपार, म्हणजे करंट ज्यातून आत येतो आणि ज्यातून बाहेर जातो त्या त्याच्या दोन जाड स्टडांमध्ये, बटण दाबलेले असताना.

किती गळती चालते याचा अंदाज केबलच्या जाडीवरून बांधता येतो. ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा अवरोध मीटरला साधारण अर्धा मिलिओहम असतो, त्यामुळे दोन मीटर लांबीच्या एका केबलवर ४०० अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट जाणारच. म्हणून पूर्ण ताणाला प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंतचा आकडा ठीक समजावा; निम्म्या ताणाला त्याच्या निम्मा. त्याहून जे काही जास्त दिसते ते सांध्यांचे, आणि सांधा कोणता ते शोधण्यासाठी एक टोक जागेवर ठेवून दुसरे टोक एकेक सांधा ओलांडत पुढे सरकवत न्यावे. खुंट्यापासून क्लॅम्पपर्यंत ०.०२ आणि क्लॅम्पपासून लगपर्यंत अचानक ०.६ असा आकडा आला की चोर सापडला. कॉन्टॅक्टरच्या आरपार ०.२ व्होल्टच्या वर गेले तर मात्र तो खरोखर बदलण्याच्या लायकीचा झाला आहे. पण तो बदलण्याआधी बाकीची वाट स्वच्छ करावी, नाहीतर नव्याचेही तेच होईल.

बहुधा सापडणारे चोर

सर्वांत अधिक वेळा दोष ऋण बाजूला सापडतो. धन केबल सगळे काळजीने बॅटरीपर्यंत नेतात, आणि ऋण केबल वाचवण्यासाठी ती बंपरच्या बोल्टला किंवा चेसिसच्या एखाद्या भोकात घट्ट करून मोकळे होतात. बंपर चेसिसला बसतो तिथे दोन्ही बाजूंना रंग असतो, कधी पावडर कोटिंग असते. त्यात एक पावसाळा लाल चिखल आणि पाणी गेले की बोल्टभोवती गंजाची चकती तयार होते. कोरड्या दिवशी मल्टिमीटर ओहमवर लावून पाहिला तर तो ‘शून्य’ दाखवतो, कारण साधा मीटर मिलिओहम ओळखूच शकत नाही. ताणाखाली मात्र हा सांधा एक-दीड व्होल्ट खाऊन टाकतो. त्याहून वाईट म्हणजे, चेसिसची वाट अडली की करंट दुसरी वाट शोधतो: इंजिनची अर्थ पट्टी, क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल, क्वचित एखाद्या सेन्सरची बारीक अर्थ वायर. विंच वापरल्यावर इंजिनचा चेक लाइट लागणे किंवा क्लच केबलचे आवरण वितळणे अशा विचित्र तक्रारींचे मूळ अनेकदा इथे असते.

म्हणून विंचची ऋण केबल धन केबलइतक्याच जाडीची घेऊन थेट बॅटरीपर्यंत न्यावी. नव्या गाड्यांमध्ये ऋण खुंट्यावर बॅटरी सेन्सर बसवलेला असतो; अशा गाडीत जादा अर्थ कोणत्या बोल्टवर घ्यायचा ते वाहनाच्या पुस्तिकेत पाहून किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून तिथेच ती जोडावी. सेन्सरला न कळता करंट गेला तर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो, आणि मग बॅटरी सतत अर्धी राहते.

दुसरा चोर केबल स्वतःच असतो. बाजारात वेल्डिंग केबल म्हणून मिळणाऱ्या काही केबलींचे धागे बाहेरून तांबडे आणि आतून ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियमचा अवरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो, म्हणजे ३५ चौरस मिलिमीटरची म्हणून घेतलेली केबल प्रत्यक्षात एकवीस-बावीसच्या तांब्याइतकेच काम करते. शिवाय तो धातू लगमध्ये दाबला की कालांतराने सैल होतो. ओळखायला अवघड नाही. एक धागा वेगळा काढून सुरीच्या पात्याने खरवडावा: तांबडा रंग निघून खाली पांढरी चकाकी दिसली तर ती केबल परत करावी. हातात घेऊनही फरक कळतो, कारण तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. गाडीच्या मागेही विंच जोडता यावी म्हणून ज्यांना केबल पाच-सहा मीटर मागे न्यायची आहे त्यांनी ३५ वर समाधान मानू नये; तिथे ७० चौरस मिलिमीटरच घ्यावी.

तिसरा चोर लग. पोकळ लगमध्ये केबल घालून हातोडीने चेपटी करणे, किंवा आत कथील ओतून भरणे, या दोन्ही पद्धती आपल्याकडे सर्रास चालतात. हातोडीने चेपलेल्या लगमध्ये धाग्यांच्या मधे हवा राहते आणि त्या पोकळीत पाणी शिरून हिरवा गंज चढतो. कथिलाचा सांधा दिसायला देखणा असतो, पण नेहमीचे शिसे-कथील १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते, आणि कथील केबलमध्ये जिथवर झिरपते तिथवर ती कडक होऊन धक्क्यांनी नेमकी त्या रेषेवर तुटते. कथील चढवलेले तांब्याचे लग घेऊन हायड्रॉलिक क्रिंपिंगच्या षटकोनी डायने दाबून घ्यावेत आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवावी. बेळगावात उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिकल पॅनेलची कामे करणाऱ्यांकडे हे यंत्र असते. आपल्या केबली मोजून, कापून तिथे नेल्या तर काम पटकन होते, आणि रस्त्याकडेला हातोडीने केलेल्या कामाशी त्याची तुलनाच होत नाही.

लग स्टडवर बसवताना क्रम महत्त्वाचा आहे. तांब्याचा लग स्टडच्या तांब्याच्या किंवा पितळी बैठकीला थेट टेकला पाहिजे, त्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर आणि मग नट. अनेक गाड्यांमध्ये स्टीलचा वॉशर लग आणि बैठक यांच्या मधे घातलेला आढळतो, आणि मग शेकडो अँपिअर त्या गंजणाऱ्या स्टीलच्या चकतीतून जावे अशी अपेक्षा केली जाते. मोटरच्या डोक्यावरचे एफ-१, एफ-२ आणि ए अशी खूण असलेले स्टड घट्ट करताना दोन पाने वापरावेत: खालचा नट एका पान्याने स्थिर धरायचा आणि वरचा दुसऱ्याने आवळायचा. एकाच पान्याने जोर लावला तर पूर्ण स्टड फिरतो आणि आतली वाइंडिंगची जोड पिळवटून तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि दोष पुन्हा बिचाऱ्या सोलेनॉइडवर जातो.

बारीक वायरींचेही पाहून घ्यावे. बटण दाबल्यावर टक असा एकही आवाज येत नसेल तर दोष जाड वाटेत नसून नियंत्रणाच्या वाटेत आहे: रिमोटच्या सॉकेटमधल्या पिनांवर हिरवा थर, वायरलेस रिसीव्हरमध्ये पाणी, किंवा कंट्रोल बॉक्सपासून मोटरच्या अंगापर्यंत जाणारी बारीक अर्थ वायर तुटलेली. कणकुंबी-चोर्ला पट्ट्यातला पाऊस आणि नंतर सर्व्हिस स्टेशनवर प्रेशर गनने मारलेले पाणी यांत कंट्रोल बॉक्स किती वेळा भिजतो याचा विचार केला तर हे नवल नाही. चोर्ल्याने उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणाऱ्यांना मिठाचा त्रास वेगळाच. परत आल्यावर गोड्या पाण्याने हलके धुऊन, सुकवून, स्टडांवर सिलिकॉन ग्रीस लावणे त्यांच्यासाठी आवश्यक आहे.

थांबत नसलेली विंच आणि बॅटरी कटऑफ

वर सांगितलेला दुसरा प्रकार आता पाहू. कॉन्टॅक्टरचे बिंदू वितळून चिकटले की अंगठा बटणावरून उचलला तरी ड्रम फिरतच राहतो. हूक फेअरलीडकडे (दोर ज्यातून ड्रमवर जातो त्या बंपरवरच्या चौकटीकडे) सरकत येतो, आणि त्या काही सेकंदांत हातात काहीच उरत नाही: रिमोटची वायर उपटली तरी फरक पडत नाही, इंजिन बंद केले तरी विंच बॅटरीवर चालू राहते. बॉनेट उघडून बॅटरीचा क्लॅम्प पान्याने सैल करेपर्यंत हूक फेअरलीडमध्ये आदळून दोर तुटलेला असतो किंवा बंपर वाकलेला असतो. तो हूक हातात धरून जागेवर लावत असलेल्या माणसाची बोटे मध्ये सापडली तर काय होते ते लिहिण्याची गरज नाही. हूक नेहमी छोट्या पट्ट्याने धरावा, बोटांनी नाही.

यासाठी धन केबलमध्ये बॅटरीजवळ हाताने फिरवायचे कटऑफ स्विच हवेच, आणि ते बॉनेट न उघडता हाताला लागेल अशा ठिकाणी असेल तर फारच चांगले. स्विच घेताना त्यावर लिहिलेले दोन आकडे वाचावेत: सतत किती अँपिअर आणि काही सेकंदांसाठी किती. लाल प्लास्टिकच्या चावीचे स्वस्तातले स्विच बहुधा सतत १०० अँपिअरच्या आसपासचे असते; मिनिटभर ओढल्यावर त्याची बैठक मऊ पडते. सतत ३०० अँपिअर किंवा अधिकचे, जाड तांब्याच्या स्टडांचे स्विच घ्यावे. काही जण याऐवजी डॅशबोर्डवरच्या बटणाने चालणारा आणखी एक कॉन्टॅक्टर बसवतात. सोयीचे आहे, पण जो दोष टाळायचा तोच दोष असणारा भाग सुरक्षेसाठी लावण्यात मला फारसा शहाणपणा दिसत नाही. हाताच्या स्विचला कॉइल नसते.

विंच वापरात नसताना हे स्विच बंदच असले पाहिजे. बंद नसेल तर बॅटरीची पूर्ण ताकद असलेली केबल गाडीच्या अगदी पुढच्या भागात, जिथे धडक आधी बसते तिथे, कायम जिवंत राहते. बेळगाव-खानापूर रस्त्यावर समोरून किरकोळ धडक बसून बंपर दाबला गेला आणि केबल लोखंडात चिरडली तर बॅटरी त्या शॉर्टमध्ये हजार अँपिअरच्या घरात करंट ओतू शकते, आणि आग बॉनेटखाली लागते.

फ्यूज लावावा की नाही यावर मतभेद आहेत, आणि अनेक विंचसोबत तो येतही नाही. माझे मत असे की ४०० ते ५०० अँपिअरचा बोल्टने बसणारा फ्यूज बॅटरीच्या खुंट्याजवळ जरूर लावावा, पण तो केबल शॉर्ट झाल्यास आग टाळण्यासाठी आहे, विंचवरचा ताण मर्यादित करण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवून. दीडशे-दोनशे अँपिअरचा सर्किट ब्रेकर लावणाऱ्यांना तो ऐन चढावर सारखा उडण्याचा अनुभव येतो, आणि मग ते त्याला बायपास करून टाकतात. त्यापेक्षा योग्य आकाराचा फ्यूज केव्हाही बरा.

केबलीची वाट आखताना रेडिएटरच्या पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून अंतर ठेवावे, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घालावा, आणि पूर्ण लांबीवर नालीदार स्लीव्ह चढवून थोड्या थोड्या अंतरावर रबराच्या क्लॅम्पने बांधावे. बंपर आणि चेसिस यांच्यामध्ये थोडी ढील सोडावी, कारण दगडी वाटेवर दोन्ही वेगवेगळे हलतात. कंट्रोल बॉक्सच्या उघड्या स्टडांवर रबरी टोप्या हव्यात. जोडणी करताना बॅटरीची ऋण बाजू आधी काढावी आणि शेवटी लावावी. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे. बंपरविषयी एवढेच की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ रचनेत केलेले बदल तपासले जातात आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुल बारवर (गाडीपुढे लावलेल्या लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर) कारवाई करण्यास सांगितले होते, त्यामुळे विंचचा बंपर घेण्याआधी आरटीओत चौकशी करून घेतलेली बरी.

वायरिंग बरोबर असूनही

मोजणीत दोन्ही बाजू अर्ध्या व्होल्टच्या आत आल्या आणि तरीही विंच दमत असेल तर दोष वापरात शोधावा. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) साधारण १०० ते १५० अँपिअरचा असतो, जुन्या जीपचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे ताणाच्या वेळी बहुतेक करंट बॅटरीतूनच जातो. ४०० अँपिअरने एक मिनिट ओढले की बॅटरीतून साडेसहा अँपिअर-तासांहून अधिक जातात, आणि ते भरून यायला इंजिन वेगात ठेवूनही पाच मिनिटे किंवा त्याहून जास्त लागतात. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवून थोडे ओढावे, थांबावे, मोटरला हात लावून पाहावे आणि मग पुन्हा ओढावे. हात टिकत नाही इतकी मोटर तापली असेल तर ती निवेपर्यंत थांबावे.

विंचवर छापलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. जसे वेढे वर चढतात तसा ड्रमचा व्यास वाढतो, ओढ कमी होते, आणि तेवढ्याच ओढीसाठी करंट वाढतो. जवळच्या झाडाला दोर लावून वरच्या थरावर ओढण्यापेक्षा लांबचा आधार घेऊन दोर जास्तीत जास्त सोडावा, किंवा आधाराला चरखी (दोर वळवणारी कप्पी) लावून दोर परत गाडीच्या हुकाला आणावा. चरखीने विंचवरचा ताण जवळपास निम्मा होतो, वेगही निम्मा होतो, आणि करंट इतका खाली येतो की आधी टक-टक करणारी तीच विंच शांतपणे काम करते. काळ्या मातीत चाके आसापर्यंत बुडाली की माती खालून अशी धरते की गाडीच्या वजनाइतकी ओढही पुरत नाही. तिथे आधी फावड्याने चाकांपुढची माती काढणे आणि चरखी लावणे हे विंच मोठी घेण्यापेक्षा स्वस्त पडते.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या जोरदार ओढीनंतर सगळे नट एकदा पुन्हा तपासावेत, कारण नवे लग दबून बसतात आणि नट किंचित सैल पडतात. मग त्याच चढावर, तेवढाच ताण देऊन, चारही मोजण्या पुन्हा घ्याव्यात आणि तारखेसह गाडीच्या सर्व्हिस बुकात लिहून ठेवाव्यात: बॅटरी, धन बाजू, ऋण बाजू, कॉन्टॅक्टर. दरवर्षी मे अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, हीच मोजणी केली आणि ऋण बाजूचा आकडा ०.३ वरून ०.७ वर गेलेला दिसला तर कुठला बोल्ट उघडून घासायचा आहे ते जूनच्या पहिल्या चिखलाआधीच कळते.